स्वखुशीनं

"तुम्ही तुमची किडनी तुमच्या भावाला स्वखुशीनं देताय ना?" असं डॉक्टरांनी विचारलं आणि माझ्या तोंडातून आवाजच आला नाही. एवढंच झालं. चक्कर नाही, घाम नाही, छातीत कळ नाही. टेबलापलीकडे अवयवदानाला परवानगी देणाऱ्या समितीचे तिघं बसले होते, बाजूला स्टँडवर कॅमेरा होता, त्याचा लाल दिवा चालू होता आणि मी आता 'हो' म्हणणार हे खोलीतल्या पंख्यालासुद्धा ठाऊक होतं. मलाही होतं. रिक्षातून येताना मी दोनदा पुटपुटूनही पाहिलं होतं. 'हो' म्हणायला असं लागतं तरी काय? जीभ वळवावी लागत नाही, दात लावावे लागत नाहीत, नुसता श्वास सोडला तरी अर्धं काम होतं. मी तोंड उघडलं आणि ते उघडंच राहिलं. मधल्या डॉक्टरांचा चष्मा नाकावरून घसरत होता. डाव्या बाजूची नाकपट्टी वाकलेली होती. माझं नवी पेठेत चष्म्याचं दुकान आहे, त्यामुळे माणूस काही बोलण्याआधी मला त्याच्या नाकपट्ट्या दिसतात. मी त्या पट्टीकडे बघत राहिलो. डॉक्टरांनी प्रश्न परत विचारला नाही. पेनला टोपण लावलं आणि म्हणाले, "घाई नाही. महिन्याभरानं या."

बाहेर बाकावर अण्णा आणि भुवना वहिनी बसले होते. अण्णा म्हणजे सिद्धराम, माझा थोरला भाऊ. ज्युनिअर कॉलेजात गणित शिकवायचा. गेली दोन वर्षं आठवड्यातून तीनदा डायलिसिस, दिवसाला लिटरभर पाणी, त्यातच चहा आणि त्यातच आमटी. एक घोट तोंडात घेऊन तो इतका वेळ घोळवत बसतो की बघणाऱ्याच्या घशाला कोरड पडावी. अव्वाचं, म्हणजे आमच्या आईचं, वय अठ्ठ्याहत्तर, वहिनीचा रक्तगट जुळत नाही, त्यांना मूलबाळ नाही. उरलो मी. माझ्या तपासण्यांचा कागद आला त्या दिवशी वहिनी जिन्यातूनच "जुळला!" म्हणून ओरडली होती, आणि संध्याकाळपर्यंत बाळीवेशीतल्या आमच्या बोळात पेढे वाटून झाले होते. माझ्याही हातावर एक ठेवला गेला. पेढे वाटून झाल्यावर कोण कुणाला काय विचारणार? आता वहिनी उठून उभी राहिली, माझ्या चेहऱ्याकडे बघून परत बसली. अण्णा हातातल्या बाटलीच्या टोपणाकडे बघत होता. त्यानं मान वर केली नाही, आणि खरं सांगतो, मला त्या क्षणी सगळ्यात जास्त राग त्या टोपणाचा आला.

घरी निकाल लागायला दहा मिनिटंही लागली नाहीत. भीती. महेश्वरला भीती वाटते. अव्वा म्हणाली, "लहानपणी पण सुई बघितली की पळायचा की." मी कधीच पळालो नव्हतो, पळायचा तो अण्णा, पण असल्या गोष्टी अव्वाच्या डोक्यात हव्या तशा बसलेल्या असतात. शिवलीला, माझी बायको, भाकऱ्या थापता थापता म्हणाली, "भीती वाटत असेल तर वाटू दे की, त्यात काय." तिनं हे प्रेमानं म्हटलं, पण तिनंही म्हटलंच, विचारलं नाही. मला भीती वाटत नव्हती. कापतील, शिवतील, आठ दिवसांत घरी सोडतील, माणसं एका किडनीवर ऐंशीपर्यंत जगतात, हे सगळं मला तोंडपाठ होतं. मी तसं सांगितलं तर सगळ्यांनी एकमेकांकडे बघून समजूतदार मान हलवली. भीती नाही असं म्हणणारा माणूसच खरा घाबरलेला, असा एक नियम आमच्या घरात त्या दिवशी पास झाला. आणि मग वहिनीला तिच्या शाळेतल्या कुणीतरी संमोहनाचं सुचवलं.

पहिले सयाजीराव. मूळचे वैरागचे, एका मोबाईलच्या दुकानावर त्यांची खोली, भिंतभर प्रमाणपत्रं. तंबाखू सोडवतात, पोरांना अभ्यासाला बसवतात. त्यांचा चष्मा मीच केलेला. मला बघून ते जरा ओशाळले आणि लगेच आवाज चढवून मोकळे झाले. "माज्या डोळ्यांत बगा," ते म्हणाले. मी बघितलं. त्यांच्या उजव्या काचेचा अक्ष सरकला होता, फ्रेमवर कधीतरी बसले असणार. "कुटं बगताय? डोळ्यांत, डोळ्यांत." त्यांची पद्धत हुकमाची. तुमचे डोळे जड होत आहेत. तुमच्या पापण्या मिटत आहेत. तुमचा हात हलका होत आहे. एरवी गावाकडचं बोलणारा माणूस संमोहनात शिरला की बातम्या सांगितल्यासारखा बोलायला लागतो, याची मला गंमत वाटत होती, आणि तेवढ्यात माझा हात खरोखरच उचलला गेला. मी उचलला नव्हता. मांडीवरून सुटून तो वर चालला होता, बोटं सैल, मनगटात गार वारा भरल्यासारखं, आणि मी त्याच्याकडे परक्याच्या हाताकडे बघावं तसं बघत होतो. "तुम्ही तुमची किडनी भावाला देणार." "हो," मी म्हणालो. "मोठ्यानं." "हो!" खाली मोबाईलवाल्याला ऐकू गेलं असेल. सोबत आलेल्या वहिनीनं सयाजीरावांना वाकून नमस्कार केला. "भीती खिडकीतनं भाईर गेली बगा," ते म्हणाले. घरी येऊन वहिनीनं मला खुर्चीवर बसवलं, समोर बसली आणि परीक्षा घेतली, "भावजी, तुम्ही स्वखुशीनं देताय ना?" परत आवाज नाही. तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि माझ्या डोक्यात संताप. सयाजीरावांनी मला प्रश्न विचारलाच कुठे होता? त्यांनी हुकूम दिला होता. हुकुमाला हो म्हणायला मला जन्मापासून येतं, त्याला संमोहन कशाला लागतं?

दुसऱ्या अंकिता मॅडम. पुण्यात शिकून आलेल्या, होटगी रोडला नवीन दवाखाना, मऊ खुर्ची, भिंतींना फिकट रंग. यांचं सगळं उलट. यांच्याकडे हुकूम औषधालाही नाही. "तुम्हाला वाटलं तर डोळे मिटा, नाही वाटलं तर उघडे ठेवा. कदाचित तुम्हाला आराम वाटेल, कदाचित थोड्या वेळानं वाटेल." मी मनात म्हटलं, बाई, मी गिऱ्हाइकाला असं सांगितलं की कदाचित तुम्हाला खालची ओळ दिसेल, कदाचित वरची, तर तो उठून शेजारच्या दुकानात जाईल. त्यांनी एका झाडाची गोष्ट सांगितली. ते झाड म्हणजे मी, हे न कळण्याइतका मी बाळबोध नव्हतो; ताकाला जाऊन भांडं लपवायचं त्यातलाच प्रकार. पण आवाज चांगला होता, खुर्ची चांगली होती, आणि मी महिन्याभरात नीट झोपलो नव्हतो. खांदे खाली गेले. जबडा सुटला. "आता तुम्ही एका शांत जागी आहात," त्या म्हणाल्या आणि त्यांनी कसलंसं बटण दाबलं. कोपऱ्यातून पाण्याचा आवाज सुरू झाला. आधी सूं करून हवा, मग बारीक धार, मग खळखळ.

मी ताडकन उठलो. "पाणी आलं!" असं ओरडलो म्हणे; मला आठवतं ते एवढंच की मी दाराच्या दिशेनं चाललो होतो, एक हात मोटारीच्या बटणासाठी पुढे, आणि त्यांची काचेची छोटी तिवई पायात येऊन आडवी झाली होती. मॅडम भिंतीला चिकटून उभ्या होत्या. पाचव्या दिवशी पाणी येणाऱ्या गावात, तेही कधी सकाळी, कधी भर दुपारी, आणि तासाभरात जाणारं, तिथं माणसाला शांत करायला ही बाई नळाचा आवाज लावते! या आवाजावर सोलापुरात मेलेला माणूससुद्धा उठून आधी हौद भरेल आणि मग तिरडीवर जाऊन पडेल. मी तसं म्हणालो. त्यांना हसू आलं, मग वाईट वाटलं. "हा झरा आहे, काका," त्या म्हणाल्या. "आमच्या सोसायटीत टँकर येतो, माझ्या लक्षातच आलं नाही. पावसाचा लावू?" मी म्हटलं, "काही नको. पंखा आहे तेवढा पुरे."

आणि त्या पंख्याखाली, अर्धवट रागात, मी जिथे जायचं नव्हतं तिथे गेलो. बोळाच्या तोंडाशी नळ. तेव्हा घरोघर नळ नव्हते, चौदा घरांत एक. गारठलेली फरशी, पायाच्या तळव्यांना बोचणारे खडे, पितळी घागरीचा काठ कमरेवर रुतलेला, डाव्या बाजूला, नेहमी डाव्या बाजूला. उजाडायच्या आत अव्वाची हाक, "म्हेशा, नीर बंतु!" पाणी आलं की तिच्या तोंडून कानडीच यायचं, आणि नाव माझंच यायचं. अण्णा माझ्याहून सहा वर्षांनी मोठा, अंगानं दुप्पट, भिंतीकडे तोंड करून झोपलेला. त्याची स्कॉलरशिप होती. मग त्याची दहावी होती, मग बारावी, मग त्याला हिवताप आला होता, मग तो नोकरीला लागला होता आणि दमत होता. बाबा गेले तेव्हा मी बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाला होतो. दुकानात कुणीतरी बसायला हवं होतं, मी बसलो. कुणी जबरदस्ती केली नाही. कुणी काहीच केलं नाही, हीच तर गोष्ट आहे. मला घागर जड वाटली असंही नाही, मला ते आवडायचं, रांगेतल्या बायका कौतुक करायच्या, "गिरिजाबाईचं धाकटं लई गुणाचं." गुणाचं पोर एकदा ठरलं की ते मोडायला हत्ती लावावा लागतो. "काय दिसतंय?" मॅडमनी हळूच विचारलं. "नळ." "तुम्ही किती वर्षांचे आहात?" "नऊ." "त्या छोट्या महेश्वरला आज तुम्ही काय सांगाल?" मी खरंच विचार केला. "लवकर उठ म्हणेन. पाणी जाईल." मला वाटलं, आता ही विचारेल. तेवढ्यात कागदाची सळसळ झाली आणि त्या परत गोड आवाजात म्हणाल्या, "आणि हाच महेश्वर आता हळूहळू, आनंदानं, आपल्या भावाला..." मी डोळे उघडले. त्यांच्या मांडीवर वहिनीच्या अक्षरातला कागद होता. उद्दिष्ट, खाली दोन रेघा.

तिसऱ्याकडे मी का गेलो हे मला विचारू नका. चिडलेला माणूस कुठेही जातो. रामहरी नावाचे गृहस्थ, रेल्वेतून निवृत्त, दर गुरुवारी कुर्डुवाडीहून येऊन एका ओळखीच्यांच्या गच्चीवरच्या खोलीत लोकांना मागच्या जन्मात पाठवायचे. डबे मागे ढकलावेत तसं ते माणसाला ढकलत. "मागं चला. आजून मागं. शाळंच्या मागं, पाळन्याच्या मागं." मी निमूट मागे गेलो आणि नवव्या वर्षाला येऊन अडकलो. "काय दिसतंया?" "नळ." "नळ सोडा वो. नळाच्या मागं काय हाय?" मी नीट बघून सांगितलं, "भिंत." त्यांनी दोनदा, तीनदा रेटलं. मी भिंतीपलीकडे जाईना. शेवटी त्यांनीच माझ्या कपाळावर अंगठा टेकवला, स्वतःचे डोळे मिटले आणि माझ्याऐवजी जाऊन आले. मागच्या जन्मी मी शिपाई होतो. लढाईत भाल्याचा वार कमरेला बसला. "डावीकडं का उजवीकडं?" इथेही सोबत आलेल्या वहिनीनं श्वास रोखून विचारलं, कारण डॉक्टर माझी डावी काढणार होते. "डावीकडंच की," रामहरी म्हणाले. "ती जखम ह्या जल्मात राहिलीया. म्हनून बोलवंना." वहिनीनं पदरानं डोळे पुसले. तिला इतकं बरं वाटलं होतं की मला ओरडताही येईना. रोग हल्याला आणि औषध पखालीला. एकानं दरडावलं, दुसरीनं गोंजारलं, तिसऱ्यानं जन्माच्या पलीकडे हाकललं, आणि तिघांच्याही हातात वहिनीचा तोच कागद. मी दिवसभर दुकानात परक्या माणसांना विचारत असतो, पहिलं बरं की दुसरं, हे की हे, आणि ते सांगेपर्यंत थांबतो. तसं मला उभ्या आयुष्यात एकानंच विचारलं, त्या वाकड्या नाकपट्टीच्या डॉक्टरांनी. आणि मला सवयच नव्हती. माझ्याकडे उत्तर तयार नव्हतं, एवढी साधी गोष्ट होती. पण ती सांगणार कुणाला?

समितीच्या तारखेला दोन दिवस उरले असताना अण्णा दुकानात आला. एकटा, रिक्षानं, भर दुपारी. दोन वर्षांत तो दुकानाची पायरी चढला नव्हता. "पेपर दिसंना बे," तो म्हणाला. "नंबर बघ." मी त्याला पडद्यामागच्या खोलीत नेलं, खुर्चीवर बसवलं, दिवा मालवून अक्षरांचा तक्ता उजळला. तपासणीची जड फ्रेम त्याच्या नाकावर ठेवली तेव्हा माझ्या लक्षात आलं, त्याचं नाक बाबांसारखं बारीक होत चाललंय. एका डोळ्यावर काळी चकती लावली. "पहिलं बरं," मी काच घातली, काढली, दुसरी घातली, "की दुसरं?" "कुठलं पण. तुला बरं वाटेल ते घाल." मी परत दाखवलं. "पहिलं की दुसरं?" "तुला कळतंय की त्यातलं. तूच ठरव." आणि माझं टाळकं सरकलं. महिनाभर साठलेलं सगळं त्या दोन हात रुंदीच्या खोलीत बाहेर आलं. "डोळे तुझे आहेत! मला तुझ्या डोळ्यांतून दिसत नाही! पाच पाच वर्षांची पोरं इथे बसून नीट सांगतात, आणि तू गणिताचा मास्तर! खरं काय दिसतंय ते सांग, मला बरं वाटावं म्हणून सांगू नकोस!" हे वाक्य मी रोज दहा जणांना म्हणतो, शांतपणे. त्या दिवशी माझा आवाज चिरकला.

अण्णा हलला नाही. तक्त्याच्या उजेडात त्याचा उघडा डोळा तेवढा दिसत होता. "मी तुला विचारलं नाही," तो म्हणाला. मी काचांचा डबा आवरायला लागलो. "डबा ठेव खाली. मी विचारलं नाही, कारण विचारून उपयोग काय होता? तू कधी नाही म्हणलास का, जन्मात? तू हो म्हणला असतास आणि ते मी घेतलं असतं. मला माहीत होतं मी घेतलं असतं. म्हणून ते काम मी भुवनावर सोडलं." तो थांबला. त्याला तहान लागली होती हे मला त्याच्या ओठांवरून कळत होतं, आणि त्याचं दुपारचं पाणी संपलेलं असणार हेही. "आता विचारतो. तुला द्यावी वाटती का, म्हेश? खरं सांग. मला बरं वाटावं म्हणून सांगू नको."

"नाही," मी म्हणालो.

आवाज आला. खणखणीत आला, समोरच्या कपड्याच्या दुकानात गेला असेल. माझे कान तापले. हा माझा आवाज, हाच महिनाभर हरवला होता, हाच तिघातिघांनी शोधला, आणि तो सापडला कुठे तर या शब्दात. मला हलकं वाटलं आणि त्याच श्वासात स्वतःची इतकी लाज वाटली की तक्त्याचा दिवासुद्धा बंद करावासा वाटला. समोर माझा भाऊ बसला होता, ज्याच्या हाताला धरून मी पहिल्यांदा गड्ड्याची जत्रा बघितली, आणि मी त्याला तोंडावर नाही म्हटलं होतं. तो रडेल असं वाटलं, चिडेल असं वाटलं. तो म्हणाला, "बरं." मग जरा वेळानं, "ते दुसरं परत दाखव." मी काच घातली. त्यानं मान थोडी पुढे केली, नीट बघितलं. "पहिलं," तो म्हणाला. "ह्याच्यात अक्षरांच्या कडा फाटतात." "नक्की?" "पहिलंच."

संध्याकाळी जेवताना त्यानं घरात सांगितलं, गणिताचं उत्तर सांगावं तसं. "म्हेश देणार नाही. मी विचारलं, त्यानं सांगितलं. त्याला कुणी काय बोलायचं नाही." वहिनी ताटावरून उठून वर गेली. तिच्या जागी मी असतो तर ताट फेकलं असतं. शिवलीला माझ्याकडे बघतच राहिली, पहिल्यांदाच बघितल्यासारखी. अव्वा पुटपुटली, "होगली बिडु." जाऊ दे, सोड. ती हे मला म्हणाली की अण्णाला की स्वतःच्या नशिबाला, कळलं नाही. माणसाला हवं ते मिळालं की इतकं वाईट वाटतं, हे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तीनच्या सुमारास, मी दुकान बंद ठेवून खालच्या खोलीत पडलो होतो, तेव्हा अंगणातल्या नळात हवा सूं झाली. अव्वानं सवयीनं हाक घातली, "म्हेशा, नीर बं..." आणि अर्ध्यावर थांबली. तिनं तोंडावर हात ठेवला असणार. मी तसाच पडून राहिलो. छताकडे बघत. धार लागल्याचा आवाज येत होता, बादलीच्या तळावर, आणि मग जिन्यावर पावलं वाजली, जड, एकेक पायरी थांबत. मी बाहेर आलो. अण्णा बादली उचलत होता, डाव्या हातानं. त्या हातात डायलिसिससाठी शीर जोडलेली आहे, दोरासारखी फुगलेली, त्या हातानं पिशवीसुद्धा धरायची नसते. मी त्याचं मनगट पकडलं. माझ्या तळव्याखाली ती शीर गुणगुणत होती. लांब कुठेतरी माग चालू असावा तशी, अखंड. मी कधी हात लावला नव्हता तिला. दोन वर्षांत एकदाही. "ह्या हातानं उचलायचं नाही, कळत नाही का तुला?" मी ओरडलो. "उजवा दुखतोय की." "मग थांबायचं!" "पाणी जाईल." तो बादली सोडेना. त्याच्या घोट्यांवर सूज होती, पाणी समोर धो धो वाहत होतं आणि त्याला त्यातलं भांडंभरही प्यायचं नव्हतं. "दे इकडे." "तू नको. तुला कुणी सांगितलंय का?" "कुणी नाही," मी म्हणालो. "मला भरायचंय." त्यानं माझ्याकडे बघितलं, नव्या चष्म्याशिवायच, डोळे बारीक करून. मग बादली सोडली आणि पायरीवर बसला. मी हौद भरला, पिंप भरलं, अव्वाचा हंडा भरला. तो बसून बघत होता.

समितीची तारीख रद्द करायची राहून गेली होती, कारण ते फोन करण्याचं काम, घरातल्या बाकी कामांसारखं, माझ्याकडेच होतं. दुसऱ्या दिवशी मी दुकानात जातो असं सांगून निघालो आणि रिक्षावाल्याला हॉस्पिटल सांगितलं. बाहेर बाकावर कुणी नव्हतं. आत तेच तिघं, तोच लाल दिवा, मधल्या डॉक्टरांची तीच नाकपट्टी. "या वेळी एकटेच आलात?" ते म्हणाले, आणि चष्मा वर ढकलून माझ्याकडे झुकले. "हे बघा, नाही म्हणायचं असेल तरी मोकळेपणानं म्हणा. ते या खोलीबाहेर जात नाही. घरच्यांना आम्ही काहीतरी वैद्यकीय कारण सांगतो." "माहीत आहे," मी म्हणालो. "तेही म्हणून बघितलंय." त्यांनी फाइलमध्ये डोकं घातलं आणि विचारलं, तुम्ही तुमची किडनी तुमच्या भावाला स्वखुशीनं देताय ना.

"परत एकदा विचारा की, साहेब."

"ऐकू आलं नाही?"

"आलं."

त्यांनी पेन खाली ठेवलं. बाकीच्या दोघांनीही मान वर केली. मग डॉक्टरांनी माझ्याकडे बघत, एकेक शब्द सुटा करून, तोच प्रश्न परत विचारला, आणि मी सांगेपर्यंत थांबले. मी त्यांना जरा वेळ थांबू दिलं.

"हो," मी म्हणालो.